रेम्ब्रांटचा संत जेरोम कसा पाहावा

तैलचित्रासमोर आपण चार पावलं मागे सरकतो. जुन्या छापचित्रापुढे मात्र वाकायचं असतं. ते वहीच्या पानाएवढं असतं, आणि पोथीसारखं मांडीवर घेऊन उजेडात वाचण्यासाठी केलेलं असतं. सतराव्या शतकातले शौकीन अशी चित्रं चोपड्यांत जपून ठेवत, वेळ मिळेल तेव्हा बाहेर काढत आणि मित्रांना हातात देऊन दाखवत. मला हे कळायला बरीच वर्षं लागली. मी ही चित्रं काचेमागे टांगलेली, तीन फुटांवरून पाहत होतो आणि पुढच्या दालनात जात होतो. एकदा एका संग्रहालयाच्या अभ्यासिकेत एक छापचित्र टेबलावर, माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर ठेवलं गेलं. तासाभराने मी उठलो तेव्हा मान अवघडली होती आणि अर्धंच चित्र पाहून झालं होतं.

ज्यांना हे पाहणं शिकायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख. उदाहरण एकच घेतलं आहे: रेम्ब्रांट या डच चित्रकाराने १६४८ साली केलेलं संत जेरोमचं एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा खोल करून काढलेलं छापचित्र. छाटलेल्या वाळुंजाच्या (विलोच्या) झाडाशेजारी एक म्हातारा लिहीत बसला आहे, एवढंच त्याचं वर्णन. हे एक चित्र नीट पाहता आलं की बरोक काळातली, म्हणजे ढोबळमानाने सतराव्या शतकातल्या युरोपातली, बाकीची छापचित्रं आपोआप बोलू लागतात. सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं एक भिंग, एक पट्टी, टेबलावरचा दिवा आणि मोकळी संध्याकाळ.

पायरी १. चित्र खऱ्या मापात हातात घ्या

ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम, लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि न्यू यॉर्कचं मेट्रोपोलिटन म्युझियम या तिघांनीही आपली छापचित्रं इंटरनेटवर खुली केली आहेत. शोधताना रोमन लिपीत रेम्ब्रांट, जेरोम आणि विलो हे तीन शब्द टाकले की पुरे. चित्राच्या माहितीत 'बी. १०३' असा क्रमांक दिसेल. हा 'बी' म्हणजे ॲडम बार्च, व्हिएन्नाच्या ग्रंथालयातल्या छापचित्रांचा जाणकार. त्याने १७९७ साली रेम्ब्रांटच्या एचिंगची यादी छापली, आणि जगभरचे लोक अजूनही त्याच क्रमांकाने ही चित्रं ओळखतात. नावं भाषेगणिक बदलतात, क्रमांक बदलत नाही. वहीत क्रमांकच लिहून ठेवत जा.

आता मोठ्यातली मोठी फाइल उतरवून घ्या आणि साध्या, न चकाकणाऱ्या कागदावर छापा. मूळ चित्र सुमारे १८ सेंटीमीटर उंच आणि १३ सेंटीमीटर रुंद आहे. तुमचंही तेवढंच आलं पाहिजे. प्रिंटरला 'फिट टू पेज' करू देऊ नका आणि पट्टीने मोजून खात्री करा. मापावर एवढा भर देण्याचं कारण आहे. स्क्रीनवर हे झाड भिंतभर मोठं होतं आणि संत पोस्टरसारखा दिसू लागतो. तळहाताहून थोड्या मोठ्या कागदावर मात्र कळतं की ही माणसाने माणसाच्या कानाशी बोलल्यासारखी गोष्ट आहे.

पायरी २. पाच मिनिटं काहीही ओळखू नका

संत कोण, सिंह का, साल कुठलं, सगळं बाजूला ठेवा. डोळे किंचित मिटून पाहा. सर्वांत काळं कुठे आहे? सर्वांत पांढरं कुठे आहे?

काळं झाडात आहे. जुना, फाटलेला, पिळलेला बुंधा चित्राचा मोठा भाग व्यापून उभा आहे. सालीवर रेघांवर रेघा पडल्या आहेत, खोबणींत अंधार साचला आहे. आणि ज्याचं नाव चित्राला आहे तो संत? तो जवळजवळ कोराच आहे. मोजक्या बाह्यरेषा, थोडी दाढी, लिहिणारा हात. समोरचं फळ्यांचं मेजही असंच, जेमतेम आखलेलं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, चित्र अर्धवट सोडलं आहे. पण रेम्ब्रांटने या पत्र्यावर स्वतःची सही कोरली आणि सालही घातलं. त्याच्या लेखी ते पूर्ण होतं.

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. एचिंगमध्ये पांढरी शाई नसते. जो उजेड दिसतो तो न छापलेला कागद असतो. चित्रकार काळं घालतो आणि उजेड राहू देतो. म्हणून छापचित्र पाहताना आधी शाई नसलेली जागा पाहायची. इथे ती जागा संताच्या अंगावर आहे. झाड शंभर रेघांनी जड केलं आहे, आणि लिहिण्यात हरवलेला माणूस त्याच्याजवळ हलका, उजळ राहिला आहे. ध्यान लागलेला माणूस चितारताना कित्येकांनी डोळे आभाळाकडे लावले, ढगातून किरण सोडले. इथे कागद तसाच ठेवला आहे, आणि मला तरी त्या किरणांपेक्षा हे जास्त पटतं.

पायरी ३. हा जेरोम कशावरून?

आता बुंध्याजवळ शोधा. झाडामागून एक सिंह डोकावतो आहे. अंगावर येणारा नाही, राखण करणारा. त्याच्यावरून जेरोम ओळखायचा.

जेरोम चौथ्या शतकातला. रोममध्ये शिकला, काही काळ सीरियाच्या वाळवंटात एकांतात राहिला आणि ३८६ पासून बेथलेहेममध्ये स्थायिक झाला. ३८२ मध्ये पोप दमासस यांनी त्याच्याकडे लॅटिन शुभवर्तमानांचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांचा, पाठ नीट करण्याचं काम दिलं होतं. पुढे त्याने जुना करार थेट हिब्रूमधून लॅटिनमध्ये आणला. त्याचं लॅटिन बायबल हजार वर्षं पश्चिमेच्या चर्चचं बायबल राहिलं, आणि १५४६ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने त्यालाच अधिकृत ठरवलं. ३० सप्टेंबर ४२० हा त्याच्या मृत्यूचा दिवस मानतात. त्याच तारखेला आज जगभर भाषांतर दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये तो मान्य केला. आपल्याकडेही त्याचं नाव आहे: मीरा रोडजवळ काशीमिऱ्याला संत जेरोमचं चर्च आहे आणि नानी दमणचा पोर्तुगीज किल्ला त्याच्याच नावाचा आहे.

सिंहाची कथा अशी की तो लंगडत मठात आला, बाकीचे पळाले, जेरोमने पंजातला काटा काढला आणि सिंह तिथेच राहिला. मुळात ही कथा गेरासिमस नावाच्या दुसऱ्या एका वाळवंटी संताची. नावं ऐकायला जवळची, म्हणून ती जेरोमला चिकटली असावी. चित्रकारांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. सिंह मिळाला, तो त्यांनी सोडला नाही. जेरोमच्या जवळ बऱ्याचदा कार्डिनलची, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्याची, रुंद काठाची, गोंडे लावलेली टोपीही दिसते. त्याच्या काळात असे कार्डिनल नव्हतेच. छापचित्रात तिचा लाल रंग दिसत नाही, म्हणून काठ आणि गोंडे पाहायचे.

कवटी पाहून मात्र लगेच जेरोम म्हणू नका. ही नवशिक्यांची नेहमीची चूक. कवटी त्या काळी चिंतन करणाऱ्या कुठल्याही संताजवळ असते. कमरेला गाठी मारलेला दोर आणि हातापायांवर जखमा असतील तर तो असिसीचा फ्रान्सिस. लांब मोकळे केस आणि जवळ सुगंधी तेलाची बरणी असेल तर मरिया माग्दालेना. घंटा आणि डुक्कर असेल तर अँथनी. म्हातारा रडतो आहे आणि कोंबडा दिसतो आहे, तर पेत्र. छातीवर मारून घ्यायला हातात दगड असेल तर पुन्हा जेरोम, पण वाळवंटातला, प्रायश्चित्त घेणारा.

तो दुसरा जेरोम पाहायचा असेल तर नेपल्समध्ये काम करणाऱ्या स्पॅनिश चित्रकार रिबेराची १६२१ ची एचिंग उघडा. उघड्या अंगाचा, सुरकुतलेला म्हातारा, आणि कोपऱ्यातून देवदूताची तुतारी थेट त्याच्या कानाशी. अंतिम न्यायाचा दिवस आल्याची ती हाक. रिबेराचा जेरोम दचकतो. रेम्ब्रांटच्या जेरोमला तुतारी ऐकू येईल असं वाटत नाही, तो ओळ पूर्ण करतो आहे.

आणि हा फरक नुसता स्वभावाचा नाही. नेपल्स कॅथलिक होतं. ॲम्स्टरडॅममध्ये १५७८ पासून प्रोटेस्टंटांची सत्ता होती, कॅथलिकांना उपासना घरांच्या माळ्यावर, बाहेरून दिसणार नाही अशी करावी लागे. अशा शहरात संताचं चित्र पूजेसाठी घेणारे थोडे. पण १६३७ मध्येच बायबलचं अधिकृत डच भाषांतर छापून आलं होतं, आणि हिब्रू-ग्रीकवर वाकलेला विद्वान ही तिथल्या वाचकाला चांगली ओळखीची आकृती होती. झाडही तिथलंच. बेथलेहेमला असला वाळुंज कुठून येणार? डच पाणथळीत वाळुंजाचा शेंडा डोक्याच्या उंचीवर छाटतात, म्हणजे नवे फोक गुरांच्या तोंडाला लागत नाहीत आणि टोपल्यांना, कुंपणांना, बांधांना कामी येतात. रेम्ब्रांटने वाळवंटातल्या संताला आपल्या गावाबाहेरच्या झाडाखाली आणून बसवलं. मेल्यासारख्या दिसणाऱ्या बुंध्यातून निघालेले कोवळे फोक भिंगातून जरूर पाहा.

पायरी ४. रेघ वाचा

इथे घाई करू नका. सगळा आनंद इथेच आहे.

एचिंग कसं होतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. तांब्याचा गुळगुळीत पत्रा तापवून त्यावर मेण आणि राळेचा पातळ थर देतात. थर मेणबत्तीच्या काजळीने काळा करतात. मग बोथट सुईने त्यावर चित्र काढायचं. सुई मेण खरवडते, खालचं तांबं उघडं पडतं. पत्रा आम्लात घातला की उघडं तांबं खाल्लं जातं आणि रेघ खोल होते. थर पुसून टाकायचा, पत्र्यावर शाई चोळायची, वरची शाई जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसायची. शाई फक्त खाचांत राहते. भिजवून निथळलेला कागद वर ठेवायचा, त्यावर घोंगडीसारखे जाड नमदे आणि दोन रुळांमधून सगळं दाबून काढायचं.

मी एका प्रिंटमेकिंगच्या कार्यशाळेत हे पहिल्यांदा केलं तेव्हा पुसण्यातच तास गेला. जास्त पुसलं तर चित्र फिकट, कमी पुसलं तर सगळं धुरकट. तळहात आडवा ठेवून, पत्र्याला जेमतेम स्पर्श करत झटका द्यायचा असतो. शिकवणाऱ्या सरांचा हात पोळी लाटावी तसा फिरत होता, माझा अडखळत होता. कागद उचलताना एक बारीक चिकट आवाज येतो, शाई खाचांतून सुटल्याचा. आणि चित्र उलटं निघतं. पत्र्यावर डावीकडे काढलेलं कागदावर उजवीकडे येतं. सही सुलट यायला हवी तर पत्र्यावर ती उलटी लिहावी लागते.

आता भिंग घ्या. स्क्रीनवर असाल तर शेवटपर्यंत झूम करा.

संताच्या अंगावरची रेघ पाहा. सर्वत्र सारख्या जाडीची, टोकं बोथट, जराशी थरथरती. ही आम्लाने खाल्लेली रेघ. सुईला मेणातून जायला जोर लागत नाही, म्हणून ती कागदावर पेन फिरावं तशी मोकळी धावते. रेम्ब्रांटला ही मोकळीक फार प्रिय होती.

झाडाच्या अंधाऱ्या भागांतली रेघ पाहा. तिच्या कडेला मखमलीसारखा धूसर काळेपणा आहे, जणू शाई फुटली आहे. हा ड्रायपॉइंट. यात आम्ल नाही. टोकदार सुईने थेट तांब्यावर ओरखडा काढायचा. शेतात नांगराचं तास पडताना फाळाच्या कडेला माती उचलली जाते, तशी इथे रेघेच्या काठाला तांब्याची खरबरीत कड उभी राहते. तिला 'बर' म्हणतात. या कडेतही शाई अडकते आणि कागदावर मऊ, गडद छाया उमटते.

तिसरी रेघ ओळखायला दुसरं चित्र लागेल: जर्मन चित्रकार ड्यूररने १५१४ मध्ये केलेला अभ्यासिकेतला जेरोम. ते एन्ग्रेव्हिंग आहे. ब्यूरिन नावाचं टोकदार हत्यार तळव्याने ढकलत तांब्याची तार काढायची. रेघ बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा निमुळती होऊन संपते. शिस्तीची, स्वच्छ, न अडखळणारी. दोन्ही जेरोम शेजारी ठेवून दहा मिनिटं फक्त रेघांची टोकं पाहा. बोथट टोक, निमुळतं टोक, धूसर कड. हे तीन फरक डोळ्यांत बसले की निम्मी विद्या आली.

पायरी ५. एकाच चित्राच्या तीन प्रती शेजारी ठेवा

तीन संग्रहालयांतून हेच चित्र उतरवा आणि बाजूबाजूला लावा. तीनही वेगळी दिसतील. नवशिक्याला वाटतं फोटो वेगळे काढलेत. थोडं तसंही असतं, पण मुख्य कारण वेगळं आहे.

ड्रायपॉइंटची ती खरबरीत कड नाजूक असते. प्रत्येक छाप्याला रुळांचा दाब तिच्यावर येतो आणि पंधरा-वीस छाप्यांतच ती चेपू लागते. म्हणून आधीच्या छाप्यात झाडाचे काळे भाग मखमली दिसतात आणि नंतरच्यात तिथेच कोरड्या, करड्या रेघा उरतात. आम्लाची रेघ त्यामानाने पुष्कळ टिकते. म्हणजे झाड आधी म्हातारं होतं, संत नंतर. बुंध्याचा काळेपणा पाहून छाप लवकरची की उशिराची याचा अंदाज करायला शिका. जाणकार सर्वांत आधी तेच पाहतात.

दुसरं कारण 'स्टेट'. चित्रकाराने एक-दोन छापे काढले, मग पत्र्यावर भर घातली किंवा काही खोडलं आणि पुन्हा छापलं, की नवी स्टेट झाली. या चित्राच्या स्टेट मोजक्याच आहेत. रेम्ब्रांटच्या इतर काही पत्र्यांवर मात्र तो पुनःपुन्हा परतला आहे.

तिसरं कारण कागद. १६४७ च्या आसपासपासून रेम्ब्रांट जपानी कागद वापरू लागला. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तो नागासाकीजवळच्या देशिमा बेटावरून आणत. हा कागद पिवळसर, रेशमी असतो आणि शाई हळुवार पिऊन घेतो, त्यामुळे 'कोरी' जागाही ऊबदार दिसते. १६५७ सालचा त्याचा झाडाखाली प्रार्थना करणारा संत फ्रान्सिस, बी. १०७, जपानी कागदावरच्या छाप्यात शोधून पाहा. तिथेही जाड, काळं झाड आणि बाजूला हलक्या हाताने सोडलेला संत. नऊ वर्षांनी तीच गोष्ट, आणखी धीटपणे.

पायरी ६. खालची अक्षरं

आपल्या चित्रात खाली 'रेम्ब्रांट' आणि पुढे एक 'एफ.' आहे. तो लॅटिन 'फेचित', म्हणजे 'केलं'. चित्र त्याने स्वतः कल्पिलं आणि स्वतःच पत्र्यावर काढलं.

बरोक काळातल्या बहुतेक धार्मिक छापचित्रांत काम वाटलेलं असतं आणि खाली दोन-तीन नावं असतात. नावापुढे 'पिंक्सित' असेल तर मूळ तैलचित्र त्याचं. 'इन्व्हेनित' म्हणजे कल्पना त्याची. 'स्कुल्प्सित' म्हणजे पत्र्यावर कोरणारा. 'एक्स्कुदित' म्हणजे छापून विकणारा प्रकाशक. 'कुम प्रिव्हिलेजियो' म्हणजे राजाकडून किंवा पोपकडून मिळालेला छापण्याचा हक्क. हे पाच शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. विकणारे लोक पुष्कळदा 'पिंक्सित'वाल्याचं मोठं नाव सांगतात आणि ज्याने महिनोन्‌महिने तांब्यावर कोरलं त्याचं नाव गाळतात. मला हा अन्याय वाटतो.

ही वाटलेली कामं फार दूर गेली. गोव्याहून निघालेले जेझुइट पंथाचे ख्रिस्ती धर्मगुरू १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात पोहोचले. बरोबर अँटवर्पमध्ये छापलेलं बहुभाषी बायबल होतं. अशा छापील चित्रांवरून दरबारी चित्रकार शिकले. केसू दास या चित्रकाराने इटालियन छापचित्रावरून रंगवलेला संत जेरोम आज पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे. आणि पुढे १६५० च्या दशकात खुद्द रेम्ब्रांट मुघल लघुचित्रं समोर ठेवून जपानी कागदावर रेखाटनं करत होता, वीसहून अधिक उरली आहेत. गोव्यातून गेलेला कागद आणि आग्र्याकडून आलेला कागद, दोन्ही ओळखीचे वाटतात ते उगाच नाही.

पायरी ७. "आमच्याकडे ओरिजिनल आहे"

हे वाक्य तुम्ही ऐकालच. मीही ऐकलं होतं. जुन्या वस्तूंच्या एका दुकानात काळपट चौकटीत एक संत मिळाला, मागे पिवळा पडलेला कागद, सुंदर वास. पैसे दिले, घरी आणला, रात्री भिंग लावलं. संताच्या गालावर ठिपक्यांची एकसारखी जाळी होती, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी. म्हणजे पुस्तकातून कापलेलं पान. त्या रात्री वाईट वाटलं खरं, पण तेव्हापासून भिंग खिशात असतं.

पहिली चाचणी हीच. एकसारखी ठिपक्यांची जाळी दिसली की विषय संपला.

दुसरी, पत्र्याचा दाब. पत्र्याची कड ओल्या कागदात रुतते आणि चित्राभोवती चौकोनी खाच उमटते. मात्र जुनी चित्रं बऱ्याचदा या खाचेपर्यंत कापलेली असतात, त्यामुळे ती दिसली नाही म्हणून लगेच निकाल देऊ नका. कागद चौकटीबाहेर काढून दिव्याच्या तिरप्या उजेडात धरा. खऱ्या एचिंगमध्ये शाई किंचित उभी राहिलेली दिसते.

तिसरी, कागद उजेडासमोर धरा. सतराव्या शतकातला युरोपी कागद तारांच्या चाळणीवर बनत असे. त्यात बारीक समांतर रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या, दोन-तीन सेंटीमीटर अंतरावरच्या रेषा दिसतात. कधी जलचिन्हही सापडतं: कमळासारखं लिलीचं फूल, विदूषकाची टोपी, ॲम्स्टरडॅमचं राजचिन्ह. यांपैकी काहीच नाही आणि कागद सर्वत्र सलग असेल, तर तो अठराव्या शतकाच्या मध्यानंतरचा. त्यावर रेम्ब्रांटच्या हातचा छाप असू शकत नाही. जपानी कागद तेवढा अपवाद. त्याची पोत वेगळी, ती सरावाने कळते.

इथवर टिकलं तरी दोन सापळे उरतात. रेम्ब्रांटचे सत्तर-ऐंशी मूळ पत्रे त्याच्यामागे हातोहात फिरत राहिले. पॅरिसच्या बासाँ घराण्याने १७८९ च्या सुमारास ते छापायला घेतले, आणि अगदी १९०६ पर्यंत त्यांतून छापे निघत होते. पत्रा खरा, पण झिजलेला, दुसऱ्यांनी डागडुजी केलेला. दुसरा सापळा म्हणजे फ्रेंच मुद्रक अमाँ-द्युराँ. त्याने एकोणिसाव्या शतकात फोटोच्या मदतीने तांब्याचे नवे पत्रे करून हुबेहूब प्रती काढल्या. त्यांत ठिपके नाहीत, पत्र्याचा दाब आहे. पाठीवर त्याचा छोटा लाल शिक्का असतो, तो बघा. या प्रती अभ्यासाला उत्तम आहेत, फक्त दाम त्याप्रमाणे असावं.

आणि पेन्सिलीने '१२/५०', म्हणजे पन्नासांतली बारावी प्रत, असं लिहिलेलं, पेन्सिलीने सही केलेलं सतराव्या शतकाचं चित्र कुणी दाखवलं तर नमस्कार करून निघा. ती रीत फार पुढची.

पायरी ८. घरी एखादं आलंच तर

हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, दोन्ही हातांनी धरा. लॅमिनेशन, सेलोटेप, फेव्हिकॉल यांतलं काहीही कागदाजवळ नको. आम्लमुक्त माउंट करून घ्या, काच चित्राला टेकू देऊ नका. संग्रहालयं कागदावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, म्हणून खिडकीसमोरची भिंत टाळा. आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. मुंबई-कोकणात जुलैमध्ये बाहेरच्या भिंतीवर टांगलेल्या चौकटीत बुरशी आणि कसर हमखास शिरते. ते चार महिने चित्र उतरवून कपाटात आडवं ठेवा.

पायरी ९. आता अंधाऱ्या खोलीत जा

दुसऱ्या संध्याकाळी बी. १०५ उघडा. १६४२ सालचं, सुमारे १५ सेंटीमीटर उंच आणि १७ रुंद. पुन्हा जेरोम, पण या वेळी घरात. पहिल्या नजरेला एक खिडकी आणि तिच्याभोवती काळोख, एवढंच दिसतं. १६४२ मध्येच रेम्ब्रांटची पत्नी सास्किया गेली, म्हणून काही जण हा काळोख तिच्या दुःखाचा मानतात. मी हे चित्र तसं पाहत नाही. हा विचार करणाऱ्याचा अंधार आहे. डोळे दिपवणारी एकच जागा मोकळी, बाकी सगळं आत वळलेलं.

इथे रेघांवर आडव्या-उभ्या रेघांचं इतकं दाट जाळं आहे की खोली विणून काढल्यासारखी वाटते. खिडकीतला उजेड म्हणजे कोरा कागद, आदल्या दिवशी संताच्या अंगावर पाहिलात तोच. तो उजेड टेबलापर्यंत येतो आणि थांबतो. तिथे म्हातारा डोक्याला हात लावून बसला आहे. आता थांबा. डोळ्यांना सरावू द्या, लोडशेडिंगमध्ये सरावायचे तसे. दोन-तीन मिनिटांनी अंधारातून एक गोल जिना वर चढताना दिसू लागेल, पायरी पायरीने.

सिंह याही खोलीत आहे. कुठे ते मी सांगत नाही. भिंग लगेच उचलू नका.